आमची वाटचाल : गोडाऊनमधला नवसागर

२००९ साली दारव्ह्याला बसस्टँडमागे दहा बाय बाराची टिनाची खोली भाड्याने घेतली. केमिकल विकायचं एवढं ठरलं होतं, ठेवायचं कसं ते ठाऊक नव्हतं. बाबांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. शाळांचे क्लार्क खडू-डस्टरची यादी देता देता विचारायचे, "लॅबचं सामान आणून देता का भाऊ?" परीक्षानळ्या, लिटमस, स्पिरिटचे दिवे असं सुरू झालं आणि वर्षभरात ॲसिडवर आलो. बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडलेली, पण गावाला तेवढं पुरलं. मी 'केमिकलवाला' झालो.

माल लावला इंग्रजी अक्षरांप्रमाणे, यादीतली वस्तू लवकर सापडावी म्हणून. यादीत 'ॲसिड हायड्रोक्लोरिक', 'ॲसिड नायट्रिक' असंच लिहून येतं, त्यामुळे सगळी ॲसिडं 'ए'च्या फळीवर. त्यांच्याच मांडीला मांडी लावून पटकन पेटणारा ॲसिटोन आणि अमोनिया लायकर, म्हणजे पाण्यात विरघळवलेला अमोनिया. दिसायला फार शिस्तीत होतं.

मे लागला. बाहेर ४४ अंश, तर टिनाखाली किती असेल याची कल्पना करा. रोज सकाळी बाटल्यांवर पांढरी भुकटी दिसायची. वाटलं, भिंतीचा चुना झडतो. पुसायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एक दिवस केमिस्ट्रीचे एक निवृत्त सर ब्युरेट घ्यायला आले. त्यांनी फळीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चुना नाही बाप्पा, हा नवसागर आहे. कल्हईवाल्याजवळ असते तो. तुह्या खोलीतच तयार होऊन राह्यला."

ढिल्या झाकणातून अमोनिया निघत होता, शेजारच्या बाटलीतून हायड्रोक्लोरिकची वाफ. दोघांची हवेत गाठ पडून अमोनियम क्लोराईड, म्हणजेच नवसागर, खाली बसत होता. त्याच वाफेने लोखंडी रॅकचे पापुद्रे निघाले होते आणि तीन बाटल्यांची लेबलं वाचण्यापलीकडे गेली होती. सर नवसागरावर हसले, पण नायट्रिकला चिकटलेला ॲसिटोन पाहून गप्प झाले. ती बाटली त्यांनी स्वतः उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली. मग मला खाली बसवून वहीत लिहायला लावलं, कोणाची कोणाशी सोयरीक जमत नाही ते. नायट्रिकची कोणत्याच पेटणाऱ्या द्रवाशी नाही. पोटॅशियम परमँगनेटची ग्लिसरीनशी नाही. सोडियम रॉकेलमध्ये बुडालेला, पाण्यापासून लांब. ती वही अजून गल्ल्यात आहे.

तरी अक्कल एकदम आली असं नाही. बाटल्या पॅक करायला आम्ही सोयाबीनचं कुटार वापरायचो, फुकट मिळायचं. एकदा पिकअपमध्ये नायट्रिकची बाटली पाझरली आणि खोक्यातून तपकिरी धूर निघाला. खोकं रस्त्याकडेला उतरवून वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहिलो. पेटलं नाही, हे नशीब. तेव्हापासून कुटार, भुसा, रद्दी सगळं बंद. आता कप्प्यांचे प्लास्टिक क्रेट.

१८ जुलै २०१३ ला ॲसिडविक्रीवर सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. घेणाऱ्याचं ओळखपत्र, पत्ता, कारण, किती दिलं, सगळं रजिस्टरला लिहायचं. अठराच्या आतल्याला द्यायचं नाही. लोक चिडले. मला बरंच वाटलं, नाही म्हणायला कारण मिळालं. आमच्याकडचे दूध संकलनवाले गर्बर पद्धतीने दुधातलं फॅट मोजायचे. एका नळीत १० मिली सल्फ्युरिक, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाईल अल्कोहोल. त्यातले एक काकाजी थंड पेयाची रिकामी बाटली घेऊन यायचे, "अर्धा लिटर ओतून दे." घरात नातवंडं खेळतात, ती बाटली कोणी तोंडाला लावली तर? नाही दिलं. ते आमच्याकडे पुन्हा आले नाहीत.

२०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली, माती तपासणीचं सामान खपायला लागलं आणि त्या पैशावर २०१८ ला स्वतःचं गोडाऊन बांधलं. टिन टाकलं नाही, स्लॅब टाकला. खिडक्या वरती, शिवाय जमिनीलगत जाळीची भोकं, कारण ॲसिटोन, इथर अशा बहुतेक सॉल्व्हंटची, म्हणजे द्रावकांची, वाफ हवेपेक्षा जड, खालीच साचते. ॲसिडं सगळ्यात खालच्या फळीवर, प्रत्येक बाटली प्लास्टिकच्या घमेल्यात. दाराशी कोरडी रेती आणि खायच्या सोड्याचं पोतं. मिस्त्री म्हणाला, "एवढी जागा रिकामी काहून सोडता?" त्याला वही दाखवली.

हिवाळ्यात वेगळीच गंमत. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड १६.६ अंशाला गोठतं, त्यामुळे डिसेंबरात हमखास फोन येतो, "भाऊ, बर्फ पाठवला काय?" माल खराब नसतो. झाकण जरा सैल करा, बाटली कोमट पाण्यात उभी ठेवा, आगीजवळ नेऊ नका.

परवा एप्रिलमध्ये एका कॉलेजची ऑर्डर आली, इथर ५०० मिली, तातडीचं. इथर ३४.६ अंशाला उकळतं. सरांना सांगितलं, मृग लागल्यावर पाठवतो. ते म्हणाले, मार्चएंडिंगचं बिल आधीच झालंय. म्हटलं, पैसे परत घेऊन जा सर, नाहीतर जूनपर्यंत थांबा.

थांबले आहेत.