तुम्ही विचारलंत म्हणून: भाड्याच्या भिंतीला भोकं का पाडली

"भाड्याच्या घरात काहून एवढी भोकं पाडून राहिल्या तुम्ही?" हे शेजारच्या काकूंनी विचारलं, नणंदेनी विचारलं, घरमालक काकांनी तर तीनदा विचारलं. दरवेळी मी "मुलगी लहान आहे ना" एवढंच म्हणते आणि समोरच्याचं समाधान होत नाही हे मला दिसतं. आता एकदा नीट सांगते, ही भोकं ड्रॉवरचं कपाट भिंतीला बांधायला पाडली.

आधी सागवानाचं. सासरे म्हणतात आपल्या आलापल्लीच्या सागाला जग विचारतं आणि तू भुशाचं कपाट आणलं. बरोबर आहे, भुसाच आहे, लाकडाचा चुरा रेझिनमध्ये दाबून केलेली १८ मिमीची फळी. पण बदलीची नोकरी आहे आणि सागवानी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायला चार माणसं लागतात. ही खोकी मी एकेक करून एकटीने वर आणली. जोडलंही मीच. आधी लाकडी गुल्ल्या, मग कॅम लॉक, म्हणजे दोन फळ्या आवळून धरणारी गोल चकती, बाण भोकाकडे ठेवून अर्धा फेरा आणि बस, जास्त आवळलं की भुसा सुटतो आणि ते भोक कायमचं गेलं. मागचा हार्डबोर्ड ठोकायच्या आधी दोन्ही कर्ण टेपने मोजले, सारखे आले. हे मुद्दाम सांगतेय, कारण नंतर प्रत्येकाने पहिलं हेच विचारलं की जोडताना काही राहिलं असेल. जोडताना काहीही राहिलं नव्हतं.

भिंतीला लावायची एल पट्टी राहिली होती. आणि ती विसरले नव्हते मी. खोक्यात वेगळ्या पिशवीत होती, कागदावर चित्र होतं, ते मी बघितलं, वाचलं, आणि पिशवी बिस्किटाच्या डब्यात टाकली, कारण ११ महिन्यांच्या करारात भिंतीला खिळा ठोकायचा नाही असं लिहिलं होतं आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जायला नको होते. शिवाय एवढं जड कपाट कशाला पडतंय असंही वाटलं. आपण सगळे लोखंडी कपाटांच्या घरात वाढलो, त्यांच्या दारांना लोंबकळलो, ती कधी पडली नाहीत.

मे महिना होता, दुपारचे तीन वाजले असतील. हॉलमध्ये कूलर जोरात सुरू, बाहेर ४५ च्या वर. मी स्वयंपाकघरात कुरडया तळत होते कारण छोटीने मागितल्या होत्या. छोटी तेव्हा चार वर्षांची, आतल्या खोलीत खेळत होती. तिला कपाटावरचा रंगांचा डबा हवा होता. तिने खालपासून एकेक ड्रॉवर ओढला, जिना केला, आणि चढली. चारही ड्रॉवर बाहेर आले की सगळं वजन पुढच्या पायांच्याही पुढे जातं, आणि मागे काय असतं, ३ मिमीचा हार्डबोर्ड, त्याला वजनच नाही. त्यात या घराची फरशी पाणी निघावं म्हणून दाराकडे उताराची आहे. कपाट आधीपासूनच केसभर पुढे झुकलेलं होतं आणि मी खाली पाचरसुद्धा घातली नव्हती.

आवाज आला. मला वाटलं वरच्या गच्चीवर काहीतरी पडलं. कूलरच्या घरघरीत तिचं रडणं मला ऐकू आलं नाही, किंवा ती तेव्हा रडतच नव्हती, ते मला अजून माहीत नाही. मी कढईतली कुरडई काढली, गॅस बंद केला, मग गेले. कुरडई काढली मी. हे मी आजपर्यंत घरात कुणालाच सांगितलेलं नाही.

कपाटाची वरची कड पलंगाच्या काठावर अडकली होती. पलंग तिथे नसता तर, ते वाक्य मी पूर्ण करत नाही. ती खाली होती, दोन ड्रॉवरच्या मधे, डोळे उघडे, डावा हात अडकलेला. एकटीने वर चढवलेलं कपाट मला एकटीने उचलता येईना. मी ओरडले, शेजारच्या काकू आल्या, दोघींनी मिळून उचललं. हाताचं हाड मोडलं होतं. चार आठवडे प्लास्टर. आता हात छान आहे, ती सगळं विसरली आहे, विचारलं तर हसते.

त्यानंतर रात्र रात्र वाचत बसले. २०१६ मध्ये आयकिया या फर्निचरच्या कंपनीने एकट्या अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत बोलावली होती, भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर पडून लहान मुलं गेली म्हणून. २०२२ च्या डिसेंबरात तिथे कायदाच झाला, भरलेले उघडे ड्रॉवर, खाली गालिचा आणि चढणाऱ्या मुलाचं वजन धरून कपाट तपासायचं. हे वाचून मला आधी रागच आला की आपल्याकडे कुणी का सांगत नाही. पण मला तर सांगितलं होतं ना, चित्र काढून सांगितलं होतं. ती पिशवी डब्यात टाकणारी मी तेव्हा म्हणत होते की करार करार असतो, आणि काकांची भिंत खरंच काकांची आहे, हे मला आजही खोटं म्हणता येत नाही.

तर भोकं. स्कर्टिंगमुळे, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीमुळे, कपाट भिंतीला टेकत नाही, म्हणून वर मधे लाकडाचा ठोकळा घातला. पहिलं भोक विटांच्या सांध्यात गेलं, नुसती रेती आली, गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात घालतात ती प्लास्टिकची नळी, गोल फिरायला लागली. सरकवून दुसरं पाडलं, लाल भुकटी येईपर्यंत आत गेले, मग ६० मिमीचा स्क्रू, कारण प्लास्टरच बरीच जाडी खातं. म्हणून चार दिसतात, कामाची तीनच आहेत.

नणंद म्हणते, आता शेजारचं दुसरं कपाट त्याला जोडलंस ना, मग भिंत कशाला? जोडलंय, दोन्ही लेव्हलला आणून, १८ अधिक १८ म्हणजे ३६ मिमी म्हणून ३० चेच स्क्रू, नाहीतर टोक पलीकडे निघतं. त्याने रुंदी वाढली, वजन वाढलं. कपाटाची पुढून मागे खोली मात्र तेवढीच राहिली, आणि कपाट पडतं ते पुढे.

तरी डाव्या बाजूच्या गिट्टीवर माझा पूर्ण विश्वास नाही. दर रविवारी कपाटाची वरची कड धरून जोर लावून ओढून बघते. मार्चमध्ये करार संपतोय. काकांनी विचारलंय, भोकं बुजवून देणार ना? हो म्हटलंय, पुट्टी आणि रंगासकट. पण ज्या दिवशी कपाट घराबाहेर जाईल त्या दिवशी, त्याआधी नाही.