भिलारला मुक्काम, मांघरला फेरी: पुस्तकांचं आणि मधाचं गाव

पाचगणीहून महाबळेश्वरकडे निघालेल्या बहुतेक गाड्या भिलारच्या फाट्यावरून सरळ पुढे जातात. जे वळतात तेही तासाभरात फोटो काढून निघतात. आम्ही भिलारलाच मुक्काम केला आणि मागून जाणाऱ्यांनाही तेच सांगेन.

स्वातंत्र्यसैनिक भि. दा. भिलारे गुरुजींचं हे गाव. राज्य शासनाने ४ मे २०१७ रोजी इथे 'पुस्तकांचं गाव' सुरू केलं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वे गावावरून सुचली; पण तिथे पुस्तकांची दुकानं आहेत आणि इथे राहती घरं. राज्य मराठी विकास संस्थेने पुस्तकं, कपाटं, टेबल-खुर्च्या पुरवल्या. जागा गावकऱ्यांनी आपणहून दिली, कुणी ओसरी, कुणी पुढची खोली. सुरुवात २५ ठिकाणांपासून झाली, पुढे ती वाढली. एका घरात संतसाहित्य, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात इतिहास, आणखी एका घरात दिवाळी अंक. बाहेर पाटी असते, आत जायला पैसे पडत नाहीत.

आम्ही सगळ्यात जास्त रमलो ते चरित्रांच्या घरात. ओसरीच्या एका अंगाला काचेची कपाटं, दुसऱ्या अंगाला घरातल्या बायका स्ट्रॉबेरी निवडत बसलेल्या. मोठं फळ वेगळं, डागी वेगळं. डागी फळ जॅमसाठी जातं. "बसा की निवांत, चहा टाकते," म्हणत काकू आत गेल्या. पावसाळ्यात इथे धो-धो पाऊस आणि दाट धुकं, त्यामुळे पुस्तकांना बुरशी धरू नये म्हणून फार जपावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. ती रोजची झाडपूस घरची माणसंच करतात. शासनाने कपाट दिलं, पण ते जिवंत ठेवलंय या घरांनी, हे तिथे बसल्यावर नीट कळतं.

म्हणूनच मुक्कामाचा आग्रह. वाचायला पैसे नाहीत, तेव्हा गावाच्या हाती काही पडायचं तर ते राहण्या-जेवण्यातूनच. स्ट्रॉबेरीचा हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च, फार तर एप्रिल. त्यानंतर शेतातून येणारा पैसा आटतो, तेव्हा आलेला पाहुणा जास्त मोलाचा. गावात घरगुती खोल्या मिळतात. आधी फोन करून जेवणाचंही सांगून ठेवा. शनिवार-रविवार टाळलात तर हवं ते पुस्तक घेऊन दुपारभर कुणी उठवत नाही. पुस्तकं तिथेच वाचायची, घरी न्यायची नाहीत. दारात उभं राहून हाक द्या, मग आत जा; दुपारी जेवणाच्या वेळी शिरू नका. गाडी नसेल तर वाई किंवा साताऱ्याहून महाबळेश्वरची एसटी पकडून पाचगणीला उतरा, पुढे रिक्षा-टॅक्सी मिळते. उन्हाळ्यातही रात्री शाल लागते.

दुसऱ्या दिवशी महाबळेश्वर तालुक्यातलंच मांघर. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या पुढाकाराने २०२२ मध्ये हे 'मधाचं गाव' झालं, देशातलं पहिलं. मधपाळाने पेटीचं झाकण उचलून एक चौकट वर काढून दाखवली. खालच्या कप्प्यात पिल्लांचं पोळं, वरच्या कप्प्यात मध. मध काढताना फक्त वरच्या चौकटी यंत्रात फिरवतात, पोळं मोडत नाही, रिकामी चौकट परत पेटीत जाते. पोळं पिळून मध काढण्याच्या जुन्या पद्धतीत माश्यांचं घर उद्ध्वस्त व्हायचं; इथे तीच वसाहत पुन्हा मध देते. माश्या जगल्या की रानातल्या जांभूळ-हिरड्याचं परागीभवनही होतं. मंडळाचा स्वतःचा 'मधुबन' नावाचा मधही बाजारात आहे.

दोन्ही कल्पना या डोंगरापुरत्या राहिल्या नाहीत, याचा मला फार आनंद आहे. मधाचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात पाटगावला झालं. पुस्तकांच्या गावासाठी वेरूळ, पोंभुर्ले, नवेगाव बांध, अंकलखोप ही गावं निवडली गेली. बाळशास्त्री जांभेकरांच्या पोंभुर्ल्याला मला पुढच्या खेपेस जायचंय.

मांघरला जाणार असाल तर सकाळी जा. फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, अत्तर-सेंट लावू नका आणि मधपाळाने सांगितल्याशिवाय पेटीच्या तोंडासमोर उभे राहू नका. मध कोणत्या फुलोऱ्याचा ते विचारून, चाखूनच घ्या. पैसे शक्यतो रोख ठेवा.