तुम्ही विचारलंत म्हणून: मोरसला गेलेली चार माणसं

"पण ती माणसं गेली कशाने, कळलं का?" मी मॉरिशसचे जुने कागद धुंडाळतो म्हटलं की हा प्रश्न येतोच. कळलं, पण कुठल्याही कागदावर ते लिहिलेलं नव्हतं.

आमची आजी साखरेला मोरस म्हणायची; मोरस म्हणजे मॉरिशस, साखर तिथून यायची म्हणून. सर्वपित्रीला पान वाढताना एक घास "मोरसवाल्यांसाठी" बाजूला निघायचा. नाव कुणाचंच घेत नसत. रत्नागिरीकडचा एक चुलत पूर्वज बायको नि दोन पोरं घेऊन मुंबईहून जहाजात चढला, एवढंच माहीत होतं.

मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरलेल्या प्रत्येक गिरमिटियाला, म्हणजे करारावर आणलेल्या मजुराला, क्रमांक मिळे. त्या वह्या आता तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज, मळा. मजूर पळाला तर ओळखता यावा म्हणून केलेली ही मोजदाद. आमच्या हाती ती वंशावळ म्हणून आली, हा उपकार त्या कारकुनांच्या मनातही नसेल.

गाव सापडेना. जिल्हा 'रुटनागेरी' लिहिलेला, गावाचं नाव तर ऐकून मोडलेलं. मी तीन गावं पालथी घातली. मग तिकडून, मॉरिशसहूनच, एका बाईंचं पत्र आलं. त्यांच्या पणजोबांचं नाव हेच त्यांचं आडनाव झालं होतं. त्या तिकडून खाली येत होत्या, मी इकडून वर जात होतो. उंचीचा आणि कपाळावरच्या व्रणाचा मेळ बसला आणि आम्ही नातेवाईक ठरलो.

१८६३ साली आलेली चौघं. बापाचा पाच वर्षांचा करार. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापत. करार पुरा व्हायच्या आत, १८६७ च्या पावसाळ्यात, तीन नोंदींपुढे मृत्यूची तारीख पडली. तिन्ही पाच आठवड्यांच्या आत. कारणाचा रकानाच नाही.

पण १८६७ हे साल मॉरिशसमध्ये पुरेसं बोलकं आहे. आदल्या वर्षी बेटावर हिवतापाची साथ शिरली आणि त्या वर्षी माणसं हजारोंनी मेली. कोयनेल, म्हणजे हिवतापावरचं औषध, मिळेना, मिळालं तर परवडेना. पैसेवाले पोर्ट लुई सोडून थंड हवेच्या क्युरपिपला चढले. करारातला मजूर कुठे चढणार? ताप डासामुळे येतो हे रोनाल्ड रॉस या डॉक्टरने १८९७ साली दाखवलं. पुढे १९०७ मध्ये तोच रॉस हिवतापाच्या कामासाठी मॉरिशसला गेला. आमच्या माणसांना चाळीस वर्षं उशीर झाला होता.

चौथा, थोरला मुलगा, उरला. त्याला कुणी वाढवलं ते वहीत नाही. पुढची नोंद थेट त्याच्या तिकिटाची, म्हणजे मजुराच्या ओळखपत्राची, फोटोसकट. अंगरखा मोठा, नजर कॅमेऱ्यावर रोखलेली. आमच्या काकांसारखा दिसतो, असं माझी बायको म्हणते. मला तसं वाटत नाही, पण मी तो फोटो देवघराजवळ लावलाय.

यंदा सर्वपित्रीच्या आधी त्या बाईंनी विचारलं, "धाकटीचं नाव काय होतं? घास ठेवताना घ्यायचं आहे." नोंदीत नाव आहे. त्या कारकुनाचं अक्षर मला अजून लागत नाही.