पुस्तकाच्या दुकानात लेखक येणार असेल तर

“तुमच्या दुकानात होतात तसे लेखकांचे कार्यक्रम आम्हालाही करायचे आहेत. हॉल घ्यावा लागेल का? किती माणसं येतील? आणि कार्यशाळा म्हणजे नेमकं काय करायचं?” हा प्रश्न आम्हाला काउंटरवर आणि फोनवर सतत विचारला जातो. विचारणाऱ्यांत कुणी इथंच सांगलीत विश्रामबागेकडे नवं दुकान काढलेलं असतं, कुणी मिरजेत छोटं वाचनालय चालवत असतं, कुणी तासगावचं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितो आहोत.

हॉल घेऊ नका. सांगली नाटकाचं गाव आहे, मोठ्या सभागृहात शेकडो माणसांसमोर बोलणारी मंडळी इथं वर्षभर येतात, आणि तो आनंद वेगळाच आहे. दुकानात पंचवीस-तीस माणसं पुरेत. त्यांतल्या दहा जणांनी पुस्तक आधी वाचलेलं असलं की कार्यक्रम जमलाच म्हणून समजा. एकानंही वाचलेलं नसेल, तर साठ माणसं आली तरी लेखकाला “तुम्हाला लिहायची प्रेरणा कशी मिळाली” इथपासून सुरुवात करावी लागते आणि पुस्तक बाजूलाच राहतं. म्हणून आमची निम्म्याहून जास्त मेहनत कार्यक्रमाच्या आधीच्या तीन आठवड्यांत जाते.

तारीख पाच आठवडे आधी पक्की करा. त्याच आठवड्यात प्रकाशकाकडे प्रती मागवा आणि त्या शक्यतो जांगडावर मागवा, म्हणजे न विकलेल्या प्रती परत घेण्याची बोली आधीच होते. तीस खुर्च्या धरल्या तर नव्या पुस्तकाच्या पंचवीस प्रती आणि लेखकाच्या जुन्या पुस्तकांच्या चार-पाच, एवढं पुरतं. कमिशन साधारण २५ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान ठरतं. जांगडावर ते थोडं कमी मिळतं, पण ते परवडतं, कारण रोखीनं घेतलेल्या पन्नास प्रतींपैकी तीस कपाटात अडकल्या तर पुढच्या दोन कार्यक्रमांचे पैसे त्यातच गेले. बोलीत तीन गोष्टी लिहून घ्या: परतीची मुदत, परत पाठवण्याचा ट्रान्सपोर्टचा खर्च कुणाचा, आणि दुकानात असताना माल भिजला किंवा फाटला तर भरपाई कुणी करायची. तिसरी अट सांगलीत फार महत्त्वाची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी नगरवाचनालयात शिरलं आणि हजारो पुस्तकं गेली, हे गावानं पाहिलेलं आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. जुलै-ऑगस्टमधला कार्यक्रम ठरवताना लेखकाला सुरुवातीलाच सांगून ठेवा की पाणी ३५ च्या पुढं चढायला लागलं तर तारीख पुढं जाईल. चाळिशीपर्यंत थांबू नका, तोवर तुमचे निम्मे श्रोते घरातलं सामान वरच्या मजल्यावर नेत असतात. या दोन महिन्यांत जांगडाच्या प्रती खालच्या फळीवर ठेवू नका.

प्रती आल्या की लगेच विकायला लागा. कार्यक्रमाच्या दिवशी विकू म्हणून खोकं तसंच ठेवणं, ही नव्या दुकानांत हमखास होणारी चूक. चार प्रती मात्र बाजूला काढून ‘वाचून परत’ म्हणून ठेवा: छापील किमतीएवढी अनामत घ्यायची, मुदत सहा दिवस, पुस्तक परत आलं की पैसे परत. ज्यांना विकत घेणं जड जातं असे विद्यार्थी आणि निवृत्त शिक्षक यातूनच येतात, आणि प्रश्नही बहुधा तेच नेमके विचारतात. प्रत्येक प्रतीत एक कोरी चिठ्ठी घाला. वर छापायचं: ‘लेखकाला काय विचारायचं आहे? पान क्रमांक लिहा.’ पान क्रमांकाची अट सोडू नका. तिच्यामुळे प्रश्न पुस्तकाला चिकटून राहतो. तीन दिवस आधी चिठ्ठ्या गोळा करून संवादकाच्या, म्हणजे कार्यक्रमात लेखकाला बोलतं करणाऱ्याच्या, हातात द्यायच्या. संवादक नावाजलेला नसला तरी चालेल, पण त्यानं पुस्तक पूर्ण वाचलेलं हवं, आणि स्वतःचं मत मांडायची हौस त्याला कमी हवी.

तारीख निवडताना गावाकडं बघा. संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन असतं, त्या दिवशी आसपासचा रसिक तिकडं असतो. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आणि नाट्यकर्मींना दिल्या जाणाऱ्या विष्णुदास भावे पदकाचा सोहळा, तेव्हा दुकान रिकामं राहील. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो आणि लेखक मंडळी शाळा-कॉलेजांत अडकलेली असतात. त्या आठवड्यातला दुसरा दिवस घ्या. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन मुलांच्या कार्यक्रमाला चांगला, सहामाही परीक्षेचं वेळापत्रक शाळेत विचारून मग ठरवा. वेळ शनिवारी संध्याकाळी सहाची. पुण्याहून गाडीनं येणाऱ्याला पाच तास धरा, जेवायला थांबलं तर जास्त. रेल्वेनं मिरजेला उतरणाऱ्याला घ्यायला माणूस पाठवा, तिथून सांगली साधारण दहा किलोमीटर.

लेखक काय घेतात? प्रवास, राहण्याची सोय आणि मानधन, या तिन्हींचा आकडा पहिल्याच फोनवर तुम्ही सांगायचा. “आमचं छोटं दुकान आहे, समजून घ्या” असं मोघम बोललं की समोरच्याची पंचाईत होते. दोन हजार देता येणार असतील तर दोन हजार म्हणा. बरेच लेखक तेवढ्यावर आनंदानं येतात. जे येऊ शकत नाहीत ते तेव्हाच सांगतात, आणि तुमचे चार आठवडे वाचतात.

निमंत्रण व्हॉट्सॲपवर जाणार हे उघड आहे. नुसतं चित्र पाठवू नका. त्यातली बारीक अक्षरं वयस्कर लोकांना दिसत नाहीत आणि नंतर शोधायला गेलं तर सापडत नाही. चित्राखाली साधा मजकूर टाका: वार, तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याचीही वेळ, पुस्तकाचं नाव, जवळची खूण, गाडी कुठं लावायची, आणि पुस्तक विकत घेण्याची सक्ती नाही हे वाक्य. दहा दिवस आधी, आदल्या दिवशी आणि त्या सकाळी, असं तीनदा पाठवलं की पुरे. फुकट कार्यक्रमाला नाव नोंदवणाऱ्यांतले तिसरा हिस्सा येत नाहीत असं धरून चाला. खुर्च्या तीस असतील तर चाळीस-पंचेचाळीस नावं घ्यायला हरकत नाही.

खुर्च्यांचं गणित सोपं आहे. एका माणसाला वाट धरून सात-आठ चौरस फूट लागतात, म्हणजे तीस जणांना सव्वादोनशे चौरस फूट मोकळी जागा. मधलं टेबल हलवता येत नसेल तर माणसं कमी करा, खुर्च्या दाटू नका. उन्हाळ्यात संध्याकाळी सहालाही दुकान तापलेलं असतं. लेखकाची जागा लांब भिंतीच्या मध्याशी ठेवा, अरुंद टोकाला ठेवली की शेवटच्या ओळीला फक्त डोकी दिसतात. पाठीमागं पुस्तकांची कपाटं असावीत. रस्त्याकडची काच पाठीशी आली तर उजेडामुळं चेहरा काळा दिसतो आणि सगळ्यांचं लक्ष बाहेरच्या रिक्षांकडं. तीस माणसांना माईक लागत नाही, कारण भरलेली कपाटं आवाज घुमू देत नाहीत. पंखे खडखडत असतील किंवा लेखकाचा आवाज लहान असेल तर घ्या, मात्र स्पीकर लेखकाच्या पुढं, श्रोत्यांकडं तोंड करून ठेवा. तो मागं ठेवला की त्याचाच आवाज माईकमध्ये परत शिरतो आणि शिट्टी वाजायला लागते.

कार्यक्रम सव्वा तासाचा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, अध्यक्षीय भाषण आणि आभार हे सगळं धरलं तर पाऊण तास त्यातच जातो आणि लेखक बोलायला उठतो तेव्हा लोक घड्याळ बघत असतात. तीन मिनिटांत ओळख करून द्या. मग लेखकानं दहा मिनिटं वाचावं. मोठ्यानं वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे डेमी, अर्थात नेहमीच्या कादंबरीच्या आकाराची जेमतेम चार पानं. उतारा आधी ठरवून पानाला खूण करून ठेवायला सांगा, नाहीतर “हे वाचू की ते वाचू” यात पाच मिनिटं जातात. पुढं अर्धा तास संवाद, पंचवीस मिनिटं श्रोत्यांचे प्रश्न. चिठ्ठीतला एखादा चांगला प्रश्न पहिला घ्या, म्हणजे बाकीच्यांची भीड मोडते. शाल-नारळाऐवजी लेखकाला दुकानातलं त्यांच्या आवडीचं एक पुस्तक द्या. लेखक हजर नसताना त्याच्या पुस्तकाचं वाचन करायचं असेल, तर प्रकाशित साहित्यातला वाजवी लांबीचा उतारा जाहीर वाचायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. अख्खी कथा वाचायची किंवा रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायची तर लेखी परवानगी घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात, हे विसरलं जातं.

सहीसाठी वेगळं टेबल, आणि बिल आधी. नाव घालून सही झालेली प्रत प्रकाशक परत घेत नाही. रांगेत उभ्या असलेल्यांकडून नाव चिठ्ठीवर लिहून घ्या, कारण ‘वृषाली’ची ‘व्रुषाली’ झाली की ती प्रत वाया. पेनाचाही विचार करा: मॅपलिथोच्या, म्हणजे पुस्तकाच्या नेहमीच्या बिनचकाकीच्या पानावर शाईचं पेन फुटतं आणि मागं उमटतं, गुळगुळीत आर्ट पेपरवर जेलची शाई पान मिटताच पसरते. साधं बॉलपेन दोन्हीकडं चालतं. दोन-तीन नवी पेनं टेबलावर हवीत.

आता कार्यशाळा. इथं मात्र माणसं बारा, त्याहून एकही जास्त नको, आणि फी घ्यायचीच. फुकट कार्यशाळेला दुसऱ्या दिवशी निम्मे येतात.

आमच्याकडं सर्वांत जास्त मागणी शुद्धलेखनाच्या कार्यशाळेला असते. लेखनाचे नियम अठराच आहेत: १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये आलेले चार. दोन शनिवार, दोन-दोन तास, एवढ्यात ते होतात, पण नियम क्रमानं वाचून दाखवू नका. प्रत्येकाला स्वतः लिहिलेलं एक पान आणायला सांगा आणि त्यातल्या चुकांवरून नियमाकडं जा. साठ-सत्तर टक्के चुका ऱ्हस्व-दीर्घाच्याच निघतात, म्हणून पहिला शनिवार त्यालाच द्या. शब्दाच्या शेवटची इ-उ दीर्घ: कवी, गुरू. समासात मूळ रूप परत येतं: कविराज, गुरुदक्षिणा. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या अलीकडची दीर्घ, आणि प्रत्ययापूर्वी तीच ऱ्हस्व होते: वकील-वकिलाला, फूल-फुलाला. ‘गुण’, ‘हित’ असे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, हे तिथंच सांगा, नाहीतर लोक घरी जाऊन ‘गूण’ लिहायला लागतात.

दुसरी आमची लाडकी कार्यशाळा वहीबांधणीची. पुस्तक हातानं शिवलेला माणूस पुढं पुस्तक मुडपून ठेवत नाही, एवढ्यासाठी तरी ती करावी. एका वहीला ए-फोर आकाराचे सोळा कागद लागतात. चार-चार कागद एकत्र मध्ये दुमडून चार जुजा, म्हणजे शिवायचे छोटे गठ्ठे करायचे, म्हणजे चौसष्ट पानं होतात. इथंच पहिली गडबड होते. कागदाच्या तंतूंना दिशा असते आणि ती वहीच्या पाठीला, म्हणजे शिवलेल्या बाजूला समांतर हवी. बाजारात मिळणाऱ्या ए-फोर कागदात ती बहुधा लांब बाजूनं असते, त्यामुळं मध्ये दुमडल्यावर घडी तंतूंना आडवी येते, कडा फुटते आणि वही नीट मिटत नाही. उपाय: तंतू लांब बाजूनं असलेले आठ ए-थ्री कागद आणून मधोमध कापायचे. दिशा ओळखायला दोन बोटांएवढा चौकोन कापून एका बाजूनं ओला करा. तो ज्या रेषेभोवती गुंडाळतो, ती तंतूंची रेषा.

जुजेच्या घडीवर टोच्यानं पाच भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्यानं जुजा एकमेकींना जोडणारी जुजबंदी शिलाई घालायची. दोरा ओढताना तो घडीच्या दिशेनं ओढा, कागदाच्या काटकोनात ओढला की भोक फाटतं. चिकटवायची खळ मैद्याची: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत आठ-दहा मिनिटं, रंग पांढऱ्याचा किंचित पारदर्शक होईपर्यंत. जुने बाइंडर तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मुलं असतील तिथं अजिबात घालू नका, मोरचूद विषारी आहे. त्या दिवसापुरती ताजी खळ करा. पाठीला फेविकॉल लावायचा असेल तर थोडं पाणी घालून पातळ करा आणि दोन हात द्या. एकदाच जाड थापला की वाळल्यावर कडक होतो आणि वही उघडताना पाठ तडकते.

ही कार्यशाळा एका दिवसात संपवायचा मोह आवरा. पुठ्ठा चिकटवलेली वही रात्रभर वजनाखाली राहिली नाही तर सकाळी पुठ्ठा वाकडा होतो. शनिवारी शिलाई आणि चिकटवणं, रात्री दुकानातले जाड शब्दकोश वहीवर, मध्ये कोरा कागद घालून, आणि रविवारी सकाळी अकराला प्रत्येकानं आपली वही घ्यायला यायचं. फीच्या पावतीवरच रविवारची वेळ लिहा, म्हणजे वह्या दुकानात पडून राहत नाहीत.