किडलेली दाढ, खाजगीचा खर्च आणि नागपूरचं सरकारी डेंटल : माझा अनुभव

आमच्याकडे दात दुखला की दोनच रस्ते आहेत असं सगळे धरून चालतात, एक तर सहन करा नाही तर उपटून टाका. मी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलची. घरी शिलाई करते, ब्लाऊज, फॉल-पिको, आणि संत्र्याच्या सीझनमध्ये ग्रेडिंगला जाते, सगळं मिळून महिन्याला सहा-सात हजाराच्या वर जात नाही आणि त्यात आई, मी आणि पोरगा असे तिघं. खालच्या डाव्या बाजूची दाढ किडली तेव्हा खाजगीत आरसीटी (आतली नस काढून दाढ भरणं) आणि कॅप (दाढेवर बसवायची टोपी) मिळून ९ हजार सांगितले. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, घाई केली नाही, पण ९ हजार आणायचे कुठून? ती दाढ आज तोंडात आहे आणि मी तिनं जेवते. ते कसं झालं ते लिहून राहिली आहे, कारण मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर कित्येक रात्री उशीत तोंड खुपसून काढाव्या लागल्या नसत्या.

सुरुवातीला थंड पाणी लागायचं, मग गोड. तोंडातून काढलं की दोन मिनिटांत बरं. नंतर गरम चहा लागायला लागला आणि ती कळ अर्धा-अर्धा तास जायची नाही, आडवं झालं की ठणका दुप्पट, कानापर्यंत जायचा, कोणता दात दुखते तेच समजायचं नाही. मागून नागपूरला एका डॉक्टर पोरीनं केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं तेव्हा हे सगळं समजलं. दाताचं वरचं कवच, इनॅमल, त्यात नस नसते, म्हणून तिथपर्यंत कीड असताना काहीच दुखत नाही. खाली डेंटिन, तिथं पोहोचली की थंड-गोड लागते, आणि इथपर्यंत साध्या फिलिंगनं भागते. त्याच्या आत नस. गरम लागते, रात्री झोपू देत नाही, म्हणजे नस सुजली, आता फिलिंगनं जमत नाही, नस काढून दाढ भरायची (तेच आरसीटी) नाही तर दाढ काढायची. आडवं झालं की डोक्याकडं रक्ताचा दाब वाढते म्हणून रात्री जास्त ठणकते, त्यासाठी डोक्याखाली दोन उशा घ्या, थोडा फरक पडते.

मधे काही दिवस दुखणं आपोआप थांबलं. घरचे म्हणे बरी झाली. बरी झाली नव्हती, आतली नस मरत चालली होती, आणि त्यानंतर हिरडीवर पुवाची पुटकुळी आली. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते म्हणून मुद्दाम सांगते, किडलेली दाढ दुखायची थांबली तर समाधान मानू नका, उलट तेव्हाच दाखवा.

उपाय सगळे सांगतात. लवंगेचं तेल खरंच काम करते, कापसाच्या बारीक बोळ्यावर एखादा थेंब घेऊन फक्त खड्ड्यात ठेवायचा, हिरडीला लागलं तर भाजते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चांगल्या. दुखण्याची गोळी मेडिकलवाल्याला विचारून उपाशीपोटी घेऊ नका, डायक्लोनं माझ्या पोटात इतकी आग पडली की दाढ बरी म्हणायची वेळ आली. शेजारच्या काकूनं अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेजवळ दाबून ठेवली होती, तिचा गाल आतून पांढरा पडून सोलला, गोळी पाण्यासोबत पोटात जायला पाहिजे, हिरडीवर नाही. अँटिबायोटिकचं पण तेच, मेडिकलमधून तीन-चार गोळ्या आणून लोक खातात, पण मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही तर औषध तिथं पोहोचणार कसं, दाढ उघडून आतली घाण काढल्याशिवाय ते दुखणं जात नाही. एक मावशी भुईरिंगणीच्या बियांची धुरी घ्यायला घेऊन चालली होती, दातातली अळी पडते म्हणे. मी नाही गेली. दातात अळी राहतच नाही, तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल बनवतात आणि त्या आम्लानं दात विरघळते, धुरीनं ते काही होत नाही.

आमच्या ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांमध्ये उपचार फुकट झाले, पीएचसीपासून (प्राथमिक आरोग्य केंद्र) जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरचे पण पैसे लागत नाही. मला वाटलं तिथं फक्त उपटतात. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, बाई, काढायची तर आत्ता काढून देतो, पण दाढ वाचण्यासारखी आहे, तुमचं वय काय, ही दाढ गेली की बाजूची तिच्या जागेवर कलंडते, वरची खाली उतरते, मग चावायला त्रास आणि नवीन दात बसवायचा खर्च आरसीटीहून जास्त. इथं आरसीटीची सोय नाही, नागपूरला मेडिकल चौकात सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथं जा. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही, कारण उपटून मोकळं होणं त्यांनाही सोपं होतं.

तर नागपूर. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तो फार मोठा आधार झाला, पूर्ण तिकीट असतं तर इतक्या फेऱ्या माझ्यानं झाल्याच नसत्या. गणेशपेठला उतरून तिथून मेडिकल चौक. सकाळची पहिली गाडी धरा, कारण नोंदणीची खिडकी दुपारच्या आत बंद होते आणि लाईन मोठी असते, गोंदिया, भंडारा, पार मध्य प्रदेशातून लोक आलेले असतात. आधार कार्ड ठेवा सोबत. आधी केसपेपर, मग ओरल मेडिसिन म्हणून विभाग आहे तिथं पूर्ण तोंड तपासतात, बीपी-शुगर विचारतात, खरं सांगा, खर्राबिर्रा (सुपारी-तंबाखू) खात असाल तर तेही सांगा, तोंड किती उघडते ते ते पाहतात. मग दाढेचा छोटा एक्स-रे. तो पाहून केसपेपरवर पुढचा विभाग लिहून देतात. माझ्यावर कॉन्झर्व्हेटिव्ह लिहिलं, म्हणजे दात वाचवायचा विभाग, ते शिक्के आणि खोल्या पहिल्या दिवशी डोक्यात शिरत नाही, पण प्रत्येक दारावर कोणी तरी पेशंट असते ज्याला सगळं माहीत असते, त्यांनाच विचारा.

लोकांना भीती असते की शिकणारी पोरं आपल्यावर हात साफ करतात. मलाही होती, म्हणून सरळ विचारलं. तर मागच्या दाढेची आरसीटी तिथं एमडीएस करणारे करतात, म्हणजे ते आधीच डेंटिस्ट आहेत, पाच वर्षं शिकून झालेले, आता पुढचं शिकून राहिले. आणि दर टप्प्याला सर किंवा मॅडम येऊन पाहतात, त्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढं जाता येत नाही. यामुळेच वेळ लागते. खाजगीत जे काम दोन बैठकीत होते ते इथं महिना-दीड महिना चालते, एकेका बैठकीला अर्धा दिवस, खुर्ची मिळायची वाट, सर मिळायची वाट. पण माझ्या दाढेची लांबी त्यांनी मशीननं पण मोजली आणि एक्स-रेनं पण, तोंडावर रबराचा पडदा लावला म्हणजे थुंकी दाढेत जायला नको आणि बारीक सुया घशात पडायला नको. इंजेक्शन दिलं की अर्धा ओठ बधिर, त्यानंतर दुखलं नाही. एका मुळातली नस मेलेली होती, दुसऱ्यातली अजून जिवंत, तिथं थोडं लागलं तर त्यांनी थांबून परत औषध दिलं.

आता जे सांगते ते लक्षात ठेवा. पहिल्या-दुसऱ्या बैठकीत आतली घाण निघाली की ठणका जाते आणि वरून कच्चं सिमेंट लावून देतात. तिथंच बरेच जण यायचं बंद करतात. माझ्या डॉक्टर मॅडमनं हात जोडून सांगितलं, ताई, मधेच सोडू नका, कच्चं सिमेंट निघून जाते, जंतू परत आत जातात आणि मग दाढ अशी तुटते की काढावीच लागते. मजुरी बुडते म्हणून लोक सोडतात, मला समजते ते, ज्या दिवशी नागपूरला गेली त्या दिवशी माझी शिलाई शून्य, गिऱ्हाईक बोलून गेलं ते वेगळंच. सरकारीत पैशाच्या जागी दिवस द्यावे लागतात, आणि हातावर पोट असलेल्या माणसाला दिवस म्हणजेच पैसा असते. म्हणून मी पहिल्याच दिवशी मॅडमला सांगून टाकलं की मी काटोलहून येते आणि रोजानं कमावते, त्यांनी नंबर दिला आणि पुढच्या तारखा फोनवर ठरवून दिल्या, सर नसतील त्या दिवशी येऊच नका म्हणून आधी कळवायच्या. आपण सांगितलं तर ऐकतात. सांगा.

लाईनमध्ये यवतमाळकडचे एक काका भेटायचे, त्यांचे सगळे दात पिवळे-तपकिरी, चट्टे पडलेले, ते म्हणे माझे सगळेच किडले. ते किडणं नव्हतं. त्यांच्याकडं बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त, लहानपणी दात बनताना ते पाणी पोटात गेलं की दातावर डाग पडतात. यवतमाळ, चंद्रपूरच्या बऱ्याच गावांमध्ये हे आहे. काकांना वाटायचं आता काढायचेच आहेत, डॉक्टरांनी सांगितलं एक पण काढायचा नाही. किती बरं वाटलं असेल त्या माणसाला.

पैशाचं म्हणाल तर डेंटल कॉलेज आरोग्य विभागाचं नाही, वैद्यकीय शिक्षण विभागाचं आहे, म्हणून तिथं सगळं फुकट नाही, आरसीटीला सरकारी दरानं काही शे रुपये लागले, एक्स-रे धरून. कॅप वेगळी, ती दुसऱ्या विभागात होते आणि तिथं पण वाट पाहावी लागते. मी साधी धातूची घेतली, मागची दाढ आहे, कोणाला दिसत नाही, आणि धातूची मजबूत असते, तिच्यासाठी दात कमी तासावा लागते. कॅप टाळू नका, नस काढलेल्या दाढेवर वरून आधार नसला तर कडक काही चावताना ती उभी चिरते आणि सगळी मेहनत वाया.

तपासणीत अजून दोन बारीक किडी निघाल्या, त्या तिथंच भरून दिल्या. घरी काय करायचं ते पण समजावलं. रात्री झोपायच्या आधी ब्रश, हे सकाळच्या ब्रशहून महत्त्वाचं, कारण झोपेत थुंकी कमी बनते आणि दाताला वाचवणारी थुंकीच असते. फ्लोराईडवाली पेस्ट घ्या, ट्यूबवर १००० पीपीएम असं लिहिलेलं असते, बऱ्याच हर्बल पेस्टमध्ये ते नसतेच, महाग असून. थुंकून टाका पण लगेच खळखळून चूळ भरू नका. आणि मिश्री, गुल बंद, तो भाजलेला तंबाखूच आहे, त्यानं कीड तर थांबत नाही, तोंडाचा कॅन्सर होते.

पोराला पण नेलं एकदा. सहा वर्षांच्या सुमारास सगळ्यात मागे जी दाढ येते ती पक्की असते, तिच्यासाठी कोणता दुधाचा दात पडत नाही म्हणून घरोघरी तिला दुधाचीच समजतात आणि किडली तर पडेल म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, ती आयुष्यभराची आहे. तिच्यातल्या खोल खाचा औषधानं बंद करून देतात, सीलंट म्हणतात, सुई नाही, दुखत नाही, पोरगा आरामात बसला. तुमच्या घरी सहा-सात वर्षांचं लेकरू असेल तर आज रात्री टॉर्च लावून पाहा.

नागपूर दूर पडत असेल तर सरकारी डेंटल मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल आहे, छत्रपती संभाजीनगरला पण आहे. खाजगी डेंटल कॉलेजमध्ये पण क्लिनिकपेक्षा बरंच कमी घेतात, त्यांना पेशंट पाहिजेच असतात. घरात कोणी कंपनीत असेल आणि पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कापत असेल (२१ हजारापर्यंत पगार असलेल्यांना लागू आहे) तर घरच्यांचं पण त्यात होते, ते कार्ड काढून पाहा. आणि एक, गाल सुजून सूज जबड्याखाली मानेकडं उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, ताप आला, तर ओपीडीची वाट पाहायची नाही, रात्र असली तरी मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जायचं, त्यानं श्वास कोंडून जीव जाऊ शकते.

आता आईचा नंबर. तिचे खालचे तीन दात हलतात, ते काढून कवळी बसवायची आहे, तीही तिथंच होते. तिला बीपीची गोळी आहे आणि मागच्या वर्षीपासून रक्त पातळ करायची पण आहे, म्हणून गोळ्यांची पाकिटं आणि जुनी चिठ्ठी पिशवीत भरून ठेवली आहे. गावातल्या एकानं सांगितलं की दात काढायच्या आधी ती रक्ताची गोळी चार दिवस बंद करा. मी मॅडमला फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या अजिबात आपल्या मनानं बंद करू नका, आधी घेऊन या, आम्ही तिच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू.