खिशातलं मल्टिटूल: निवड ५८ मिमीवर येऊन थांबली

रोज खिशात ठेवायचं मल्टिटूल, म्हणजे एकात अनेक अवजारं असलेलं घडीचं टूल, निवडताना मर्यादा आधीच ठरल्या होत्या. मिटवल्यावर लांबी ६५ मिमीच्या आत, वजन ६० ग्रॅमच्या आत आणि जीन्सच्या छोट्या खिशात आडवं न होता बसलं पाहिजे. बेंचवर मांडून बघायला सगळीच टूल्स छान वाटतात, पण खिशात जे रोज राहतं तेच वेळेला हाताशी येतं. त्यामुळे या मर्यादा सैल करायच्या नाहीत, हे पक्कं.

कामांची यादी केली की अर्धी निवड तिथेच होते. सोलापुरात दिवसभरात खिशातून काय काढावं लागतं? चादरीच्या दशा, टॉवेलच्या काठाचे सुटलेले धागे, कुरिअरची टेप, गोणीची सुतळी. मग प्लगचा सैल स्क्रू, चष्म्याची दांडी, हातात रुतलेला बाभळीचा काटा. यातली निम्म्याहून जास्त कामं कात्रीची आहेत. पकड लागते ती क्वचितच, आणि लागते तेव्हा छोटी पकड पुरत नाही. म्हणून आधी कात्री बघा, मग स्क्रूड्रायव्हर, मग पातं. पकडीचा नंबर शेवटचा.

शेवटपर्यंत टिकली ती नावं तीन. व्हिक्टोरिनॉक्स रॅम्बलर, ५८ मिमी, साधारण ३० ग्रॅम. लेदरमन मायक्रा, साधारण ६५ मिमी आणि ५० ग्रॅम. गर्बर डाइम, साधारण ७० मिमी आणि ६२ ग्रॅम. डाइम दोन्ही मर्यादा ओलांडतं, तरी स्प्रिंगची पकड हवीच म्हणणाऱ्यांसाठी ते तुलनेत ठेवलं. त्याची पकड तांब्याची बारीक वायर, चेनचा हुक, अडकलेली पिन यासाठी ठीक. दुचाकीच्या बॅटरीचा १० मिमी बोल्ट तिने आवळायला जाऊ नका. जबडे तिरके होतात आणि बोल्टचे कोपरे गोल होतात. त्याला पानाच हवा. क्लचची केबल किंवा पोलादी तारही तिच्या कटरने तोडू नका, धारेला खाच पडते. आणि मूठ धातूची आहे, इन्सुलेशन नाही. २३० व्होल्टच्या बोर्डाजवळ मेन बंद केल्याशिवाय हात घालू नका.

मायक्राची कात्री तिघांत सगळ्यात दणकट. जाड कापड, दुहेरी नाडी सहज कापते. पण वापरण्याआधी मुठी उलगडाव्या लागतात, एका हातात गठ्ठा धरलेला असताना हे जमत नाही. शिवणकाम करणाऱ्यांनी मात्र मायक्राच घ्यावं, असं स्पष्ट मत आहे.

बाकीच्यांसाठी रॅम्बलर. कात्री, छोटं पातं, नेलफाइल, बाटली ओपनरच्या टोकाला चुंबकीय फिलिप्स (अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचा स्क्रूड्रायव्हर), शिवाय चिमटा आणि टूथपिक. हलकं हवं असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचंच क्लासिक एसडी साधारण २१ ग्रॅमचं आहे, त्याच्या नेलफाइलला २.५ मिमीचं चपटं टोक असतं, पण फिलिप्स नाही. रॅम्बलर घेताना नेलफाइलचं टोक चपटं आहे की नखं साफ करायचं, ते उघडून बघा. चष्म्याच्या स्क्रूला दोन्ही जाडच पडतात; त्यासाठी १.५ मिमीचा छोटा ड्रायव्हर किल्ल्यांत वेगळा ठेवावा.

फिलिप्स वापरताना दाब जास्त, पीळ कमी. दाब कमी पडला की टोक उसळून स्क्रूचं डोकं चाटतं. प्लगच्या झाकणाचा स्क्रू खोल खड्ड्यात असेल तर टूलचं अंग आडवं येतं आणि टोक तळापर्यंत पोचत नाही. तिथे जोर लावण्यात अर्थ नाही, लांब ड्रायव्हर आणा.

ॲलॉक्स (ॲल्युमिनियमची मूठ) की प्लास्टिक, हा प्रश्न इथे गंभीर आहे, कारण मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर टूल ठेवू नका, खिशातच ठेवा. क्लासिक एसडीच्या ॲलॉक्स आवृत्तीत चिमटा आणि टूथपिक नसतात, आणि काट्यांच्या मुलखात चिमटा सोडवत नाही. म्हणून निवड प्लास्टिकच्या मुठीची. चिमटा सैल होऊन पडत असेल तर त्याचे दोन पाय बोटांनी किंचित फाकवा, खाचेत पुन्हा घट्ट बसतो. प्लास्टिक कधीही थिनर किंवा अ‍ॅसिटोनने पुसू नका, पृष्ठभाग विरघळतो.

आता इथला खास त्रास. यंत्रमाग, टॉवेल कारखाने किंवा कापडाची दुकानं जिथे आहेत, तिथे वावरणाऱ्याच्या खिशात कापसाचे तंतू जमतातच. ते घाम आणि धुळीबरोबर कात्रीच्या स्प्रिंगखाली दाबून बसतात. पहिलं लक्षण असं: कात्री कापते, पण सोडल्यावर आपोआप उघडत नाही. लोक स्प्रिंग तुटली समजून टूल टाकून देतात. तसं करू नका. भिंगाखाली बघितलं तर स्प्रिंगच्या मुळाशी करड्या नमद्यासारखा थर दिसतो. सुईने तो ओढून काढा. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून सगळी अवजारं पाण्यातच दहा-बारा वेळा उघडमीट करा, जुन्या टूथब्रशने सांधे घासा, झटकून पूर्ण वाळवा. वाळवताना सगळी अवजारं अर्धी उघडी ठेवा. प्रत्येक सांध्यात मेडिकलमधल्या लिक्विड पॅराफिनचा एकच थेंब, जास्तीचा पुसून घ्या. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, धूळ त्याला चिकटून लगदा होतो. पातं फळ कापायला वापरणार असाल तर पॅराफिनच बरं.

व्हिक्टोरिनॉक्सचे नकली लाल चाकू रस्त्यावर ढिगाने मिळतात. पात्याच्या मुळाशी कंपनीचा ठसा आहे का आणि उघडताना शेवटी स्वच्छ ‘टक्’ आवाज येतो का, एवढं तपासा.

टूल दुचाकीच्या किल्लीला अडकवू नका. जुडगा जड झाला की इग्निशनमध्ये हिसके बसून लॉक झिजतं, शिवाय टाकीवर ओरखडे पडतात. वेगळी छोटी रिंग आणि सुटणारी क्लिप लावा. पात्याला लॉक नाही, म्हणून टोकाने भोसकायचं काम करू नका. उलटा दाब आला की ते बोटावर मिटतं. विमानात हातातल्या सामानात नाही, चेक-इनच्या बॅगेत. यात्रेच्या किंवा सणाच्या काळात पोलिसांनी शस्त्रबंदीचा आदेश काढला असेल तर पातंवालं टूल घरीच ठेवा.

अजून बाकी आहे ते धारेचं. १००० ग्रिटच्या दगडावर दर बाजूला साधारण २० अंशांत पातं नीट लागतं. कात्रीची आतली सपाट बाजू मात्र दगडाला लावायची नाही, फक्त बाहेरचा उतार घासायचा. कात्रीसाठी बारीक सिरॅमिक दांडी बरी की हिऱ्याची पट्टी, हे ठरवून पुढच्या नोंदीत टाकू.