बीटलचा ऑइल कूलर आणि एका पत्र्यापायी गेलेला महिना

फिनिक्सच्या जूनमध्ये, 45 अंशांत, माझी 1969 ची फोक्सवागन बीटल चढाला लागली की जीव टांगणीला लागायचा. बीटलचं इंजिन मागे असतं आणि ते पाण्याने नाही, पंख्याच्या हवेने थंड होतं. जुन्या इंजिनात ऑइल कूलर, म्हणजे इंजिनचं तेल थंड करणारा भाग, पंख्याच्या आवरणातच उभा असतो. त्याच्यातून तापलेली हवा खाली तीन नंबरच्या सिलिंडरवर जाते, म्हणून तोच आधी भाजतो. 1971 च्या मॉडेलपासून फोक्सवागनने कूलर आवरणाबाहेर, पुढच्या अंगाला सरकवला. या रचनेला डॉगहाउस म्हणतात. मला तीच हवी होती.

सामान आठवड्यात आलं. काम एका गॅरेजला दिलं. तीन आठवड्यांनी गाडी मिळाली, आणि सनसेट पॉइंटच्या चढावर तेल 125 अंशांवर गेलं. पूर्वी 118 च्या वर कधी गेलं नव्हतं!

परत गेलो. "जुनं इंजिन आहे, तापणारच." पुन्हा गेलो, तर जाड तेल भरायला सांगितलं. तिसऱ्यांदा सुचवलं, गाडीखाली आणखी एक कूलर लावा. प्रत्येक वेळी अर्धा दिवस गेला, पण झाकण उघडून कोणी हात घालून पाहिलं नाही. शेवटी मीच इंजिन चालू ठेवून पंख्याच्या आवरणामागे हात नेला, तर भट्टीसारखा झोत लागला. कूलरमधून निघालेली गरम हवा गाडीखाली सोडणारा पत्र्याचा मार्गच बसवला नव्हता. पुढचा पत्राही जुनाच, त्याला भोक नाही. ती हवा इंजिनच्या कप्प्यात कोंडत होती आणि पंखा तीच पुन्हा ओढत होता. विचारलं तर म्हणाले, "तो पत्रा किटमध्ये नव्हता." मग मला तसं सांगायचं ना! अजूनही आठवलं की संताप होतो.

भंगारातल्या 1972 च्या गाडीचे दोन्ही पत्रे मिळाले. इंजिन स्वतः उतरवलं, चारच तर नटबोल्ट असतात, आणि एका शनिवारी काम संपवलं. त्याच चढावर आता 106. त्या दिवशी मी आईला पुण्याला फोन करून सांगितलं.

कूलर कितीही मोठा घ्या, त्याची गरम हवा कुठे जाते ते आधी बघा. इंजिनभोवतीचं रबर फाटलं असेल तर तेही बदला, नाहीतर खालची गरम हवा वर येते. आणि कूलरखालची रबरी सीलं मागवताना क्रँककेसची, म्हणजे कूलर ज्यावर बसतो त्या इंजिनच्या सांगाड्याची, तेलाची भोकं मोजा. माझी 8 मिमीची होती, नवा कूलर 10 मिमीचा. त्यासाठी एका बाजूला 8 आणि दुसऱ्या बाजूला 10 मिमीची, पायरीची सीलं वेगळी मिळतात.